उच्छ्वासातील एरोसोल टिपणारे नॅनोतंतूंचे पटल: नागपूरच्या हवेत ते कसे तयार करावे आणि कसे तपासावे

श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांमध्ये क्षयाचे जिवाणू, विषाणूंचे आरएनए किंवा फुप्फुसातील प्रथिने शोधायची असतील, तर ते थेंब आधी एखाद्या पटलावर जमा करावे लागतात, आणि असे पटल इलेक्ट्रोस्पिनिंगच्या (उच्च व्होल्टेजने द्रावणाची धार ओढून अतिसूक्ष्म तंतू बनवण्याच्या) साध्या मांडणीवर प्रयोगशाळेत तयार करता येते. नागपुरातील ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि संशोधन सहायकांना हे काम प्रथमच हाती घ्यायचे आहे, ज्यांच्याकडे सिरिंज पंप, उच्च व्होल्टेजचा पुरवठा आणि धूर खेचणारे कपाट आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

ही मास्क बनवण्याची कृती नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मास्कच्या गाळणीने कण अडवला की तिची जबाबदारी संपते. नमुना घेणाऱ्या पटलाने मात्र पकडलेला कण पुढच्या तपासणीसाठी मोकळाही करून द्यावा लागतो. कार्यक्षमतेचा, म्हणजे किती टक्के कण अडले याचा, आकडा ९५ वरून ९९ टक्क्यांवर नेण्यात महिने घालवावेत आणि नंतर पटलावरील निम्मे द्रव्य तंतूंच्या जाळ्यातच अडकून राहते असे लक्षात यावे, हा या कामातील सर्वांत महागडा उलटा क्रम आहे. म्हणून पटल कशाचे करावे हे ठरवण्याआधी नमुना पीसीआरला (जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती करून ते शोधणाऱ्या चाचणीला) जाणार, जिवाणूंच्या वाढीसाठी माध्यमावर जाणार की प्रथिनांच्या मोजमापाला जाणार, हे लिहून ठेवावे. पुढचे जवळजवळ सर्व निर्णय त्यावरून होतात.

नेमके काय पकडायचे आहे

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा सोडतो आणि मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला साधारण ६ ते १० लिटर हवा पटलापर्यंत येते. या हवेतील कण अत्यंत विरळ असतात. शांत श्वासात एका घनसेंटीमीटरमागे बहुधा एकाहूनही कमी कण असतो, आणि त्यांतील बहुतेक कण सुकल्यानंतर एक मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. पूर्ण श्वास सोडल्यावर फुप्फुसातील बारीक श्वासनलिका मिटतात आणि पुढचा श्वास घेताना त्या उघडतात. त्या वेळी त्यांच्यातील द्रवाचा पातळ पापुद्रा फुटून हे कण तयार होतात. त्यामुळे नमुना देणाऱ्याला अधूनमधून श्वास पूर्ण सोडून मग खोल घ्यायला सांगितले, तर फुप्फुसाच्या खोल भागातील कणांचे प्रमाण वाढते. बोलताना आणि खोकताना येणारे मोठे थेंब प्रामुख्याने स्वरयंत्र आणि तोंडातून येतात, आणि त्यांत लाळेचा वाटा मोठा असतो.

या विरळपणाची तुलना बाहेरच्या हवेशी केली की पहिली अडचण समोर येते. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ आणि उत्तरेकडील कोराडी-खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे असलेल्या या शहराच्या हवेत एका घनसेंटीमीटरमध्ये हजारो कण असतात. व्यक्ती साध्या खोलीतील हवा आत घेत असेल, तर पटलावर जमणारे बहुतेक द्रव्य तिच्या फुप्फुसाचे नसून शहराचे असते. पीसीआरने एखादा विशिष्ट जिवाणूच शोधायचा असेल तर याने फारसे बिघडत नाही. कणांची मोजणी किंवा रासायनिक विश्लेषण करायचे असेल तर मात्र आत येणारी हवा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीतूनच आली पाहिजे. त्यासाठी मुखपट्टीला एकदिश झडपांची जोडी लावावी आणि नमुना सुरू करण्याआधी काही मिनिटे व्यक्तीला फक्त गाळलेली हवा घेऊ द्यावी, म्हणजे फुप्फुसात आधी शिरलेले बाहेरचे कण निघून जातात.

नॅनोतंतूच का, याचे उत्तर हवेच्या रेणूंच्या मुक्तपथात आहे. सामान्य तापमानाला आणि दाबाला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी सुमारे ६६ नॅनोमीटर प्रवास करतो. तंतूचा व्यास या अंतराच्या जवळ येऊ लागला की हवा तंतूच्या पृष्ठभागावर पूर्ण थांबत नाही, काहीशी घसरून पुढे जाते आणि तिला होणारा अडथळा कमी होतो. त्यामुळे १०० ते ३०० नॅनोमीटर व्यासाच्या तंतूंचा एक चौरस मीटरला जेमतेम एक ग्रॅम भरणारा थर जाड गाळणीइतके कण पकडू शकतो आणि तरीही श्वास सोडणाऱ्याला सोसेल इतकाच दाब मागतो. अतिसूक्ष्म कण विसरणाने, म्हणजे हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत, तंतूवर जाऊन चिकटतात, मोठे कण जडत्वामुळे किंवा तंतूला घासून अडकतात, आणि या दोहोंच्या मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे कण सर्वांत जास्त निसटतात. पटलाची परीक्षा याच कणांवर करायची असते.

बहुवारिकाची निवड

नवख्या प्रयोगशाळेने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. हे बहुवारिक (पॉलिमर) पाण्यात विरघळते, त्यामुळे विषारी द्रावकाची गरज पडत नाही, आणि नमुना घेतल्यानंतर अख्खे पटलच विरघळवून टाकता येते, म्हणजे कण तंतूंतून धुऊन काढण्याचा प्रश्नच उरत नाही. ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या गटाने क्षयाच्या नमुन्यासाठी मास्कमध्ये याच द्रव्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्या नॅनोतंतूंच्या नव्हत्या, पण नमुना विरघळवून घेण्याचे तत्त्व तेच. बाजारात याचे दोन मुख्य प्रकार मिळतात. सुमारे ८७ ते ८९ टक्के जलापघटन (हायड्रोलिसिस) झालेला प्रकार कोमट पाण्यातही विरघळतो. ९८ ते ९९ टक्के जलापघटन झालेल्या प्रकाराला ९० अंशांच्या आसपासचे पाणी लागते. पटल नंतर विरघळवायचे असल्याने पहिलाच प्रकार घ्यावा.

परंतु जो गुण नमुना सोडवताना उपयोगी पडतो तोच नमुना घेताना घात करतो. उच्छ्वासाची हवा सुमारे ३४ अंश सेल्सियसची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. डिसेंबर-जानेवारीतील थंड सकाळी ती पटलावर येताच दव धरते, तंतू फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि जाळ्याच्या जागी एक अखंड पापुद्रा उरतो. यावर उपाय पुढे दिला आहे. पण ज्यांना पटल थेट मास्कमध्ये, कोणत्याही तापवणाऱ्या धारकाशिवाय वापरायचे आहे, त्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा नाद सोडून पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल घ्यावे. ते पाण्याला दाद देत नाही. मात्र त्यासाठी डायमिथाइल फॉर्मामाइड हे द्रावक लागते, ते यकृताला घातक आहे आणि त्वचेतूनही शरीरात शिरते. ते हाताळताना ब्यूटाइल रबराचे हातमोजे घालावेत आणि धूर खेचणाऱ्या कपाटाचा पंखा बंद ठेवून काम कधीही करू नये. अशा पटलात द्रावकाचा अंश राहू नये म्हणून ते निर्वात भट्टीत ६० अंशांवर रात्रभर सुकवल्याशिवाय कोणाच्याही नाकाजवळ नेऊ नये.

द्रावण

वजनाने ९ ते १० टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्यावे. भुकटी आधी थंड पाण्यात ढवळत पसरवावी आणि मगच तापमान ८० ते ९० अंशांपर्यंत वाढवावे; गरम पाण्यात एकदम टाकल्यास बाहेरून फुगलेल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात व त्या तासन् तास विरघळत नाहीत. दोन ते तीन तास ढवळल्यावर द्रावण पूर्ण पारदर्शक दिसले पाहिजे. भांडे झाकून ठेवावे आणि शेवटी वजन करून उडालेले पाणी भरून काढावे. थंड झालेले द्रावण साधारण एरंडेल तेलाइतके दाट असावे. त्याहून पातळ असेल तर तंतूंवर मणी येतात. फार दाट असेल तर सुईतून धार निघत नाही.

पृष्ठताण कमी करण्यासाठी अनेक कृतींमध्ये ट्रायटन एक्स-१०० चा थेंब सुचवलेला असतो, आणि त्याने तंतू खरोखरच सुबक होतात. तरीही जिवंत विषाणू तपासायचे असतील तर तो टाळावा, कारण असे डिटर्जंट विषाणूचे मेदाचे आवरण फोडते. त्याऐवजी पाण्याचा दहावा हिस्सा एथेनॉलने बदलला तरी काम भागते. फक्त आरएनए किंवा डीएनए शोधायचे असेल तर हे बंधन पाळण्याचे कारण नाही.

नागपूरची हवा

इलेक्ट्रोस्पिनिंगच्या छापील कृतींमध्ये ‘खोलीच्या तापमानाला’ असे दोन शब्द लिहून पुढे जाण्याची पद्धत आहे. नागपुरात त्या दोन शब्दांचा मे महिन्यातील अर्थ एक आणि ऑगस्टमधील दुसरा असतो, आणि इथल्या कामात सर्वाधिक वेळ याच फरकाने खाल्ला जातो.

मे महिन्याच्या दुपारी तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या आसपास घसरते. अशा हवेत सुईच्या टोकावरचा थेंब सुकून त्याची खपली होते, धार वारंवार तुटते आणि मिळणारे तंतू जाड असतात. त्यात खोलीचा कूलर सुरू केला की आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे सहज जाते, आणि सकाळी केलेले पटल व दुपारी केलेले पटल यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत अडचण उलटी होते: पाणी उडायला वेळ लागतो, तंतू ओलेच जमतात आणि एकमेकांत विरतात. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या बाबतीत हवेतील बाष्प धारेत शिरून बहुवारिक अवेळी वेगळे पाडते आणि तंतूंचा पृष्ठभाग खडबडीत होतो.

३३ ते ४५ टक्के आर्द्रता बाराही महिने राखता आली पाहिजे. पाण्यातील द्रावणासाठी यावर स्वस्त उपाय आहे. अ‍ॅक्रिलिकची बंद पेटी करून तिच्यात मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाचा पसरट ट्रे ठेवला, तर २५ अंशांना आतील आर्द्रता सुमारे ३३ टक्क्यांवर स्थिरावते. पोटॅशियम कार्बोनेट वापरल्यास ती सुमारे ४३ टक्के राहते. ट्रेच्या तळाशी न विरघळलेला क्षार नेहमी दिसत असला पाहिजे आणि पेटीत लहान पंखा फिरता ठेवावा. ट्रे आणि पंखा दोन्ही सुईपासून दूर असावेत. ओले क्षार विद्युतवाहक असतात आणि वाऱ्याने धार भरकटते. डायमिथाइल फॉर्मामाइडसाठी ही युक्ती चालत नाही, कारण तिथे हवा सतत खेचून बाहेर टाकावी लागते. मग वातानुकूलित आणि आर्द्रतानियंत्रित खोलीच लागते. नवख्यांनी पाण्याच्या मार्गाने जावे, असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. खोलीत कूलर असेल तर तो या कामाच्या वेळी बंद ठेवावा, मग कितीही उकडले तरी.

उन्हाळ्याशी निगडित आणखी एक बाब सुरक्षिततेची आहे. जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत मोडू नये, आणि १५ ते २० किलोव्होल्टचे काम सुरू करण्यापूर्वी विद्युत विभागाकडून अर्थिंग मोजून घ्यावे. पेटीचे दार उघडताच पुरवठा तुटेल असा स्विच बसवावा. पुरवठा बंद केल्यावरही सुईला अर्थ केलेली दांडी लावल्याशिवाय हात लावू नये.

तंतू ओढणे

२१ किंवा २२ गेजची, टोक सपाट घासलेली सुई घ्यावी, सुई व संग्राहक यांत १२ ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, द्रावण ताशी ०.५ मिलिलिटर सोडावे आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यावे. सुमारे १५ किलोव्होल्टच्या आसपास टोकावरचा थेंब शंकूचा आकार घेतो आणि त्याच्या टोकातून बारीक धार निघून पुढे चाबकासारखी फिरू लागते. शंकू स्थिर राहील ते सर्वांत कमी व्होल्टेज योग्य समजावे. अधिक व्होल्टेजने तंतू अधिक बारीक होतात, हा समज दर वेळी खरा ठरत नाही.

संग्राहक म्हणून संथ फिरणारा ढोल वापरल्यास थर एकसारखा बसतो. ढोलावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावर स्पनबाँड (न विणलेले) पॉलिप्रोपिलीनचे विरळ कापड ताणून बसवावे. नुसते नॅनोतंतूंचे पटल हाताळता येत नाही. हे कापड त्याला पाठ देते. थराचे वजन अंदाजे आधीच काढता येते. १० टक्के द्रावण ताशी ०.५ मिलिलिटर म्हणजे ताशी ०.०५ ग्रॅम बहुवारिक. ढोलावरील क्षेत्र ३०० चौरस सेंटिमीटर असेल, तर सर्व तंतू ढोलावरच पडल्यास तासाला चौरस मीटरमागे सुमारे १.७ ग्रॅमचा थर होतो. काही तंतू कडेला उडतात, म्हणून चौरस मीटरला एक ग्रॅमचा थर हवा असल्यास ४० ते ५० मिनिटे चालवून प्रत्यक्ष वजन करावे. सुईतून तंतूंऐवजी थेंब उडालेला दिसल्यास तेवढा भाग पटलातून कापून टाकावा. तो थेंब वाळून सपाट डाग होतो आणि तिथे हवा जात नाही.

तपासणी

तंतूंचा व्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागतो. शहरातील व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी शुल्क भरून ही सुविधा मिळू शकते का, याची चौकशी करावी. पटलाच्या मध्यावरून आणि कडेवरून वेगवेगळे तुकडे घ्यावेत, आणि इमेजजे या मोफत प्रणालीत किमान शंभर तंतू मोजावेत. सरासरी व्यासापेक्षा त्यातील फैलाव अधिक काही सांगतो.

दाबातील घट मोजायला महागडे यंत्र लागत नाही. ४७ मिलिमीटरच्या चकतीचा धारक घ्यावा. त्यात हवेसाठी उघडा राहणारा भाग ४० मिलिमीटर व्यासाचा असेल तर क्षेत्र १२.६ चौरस सेंटिमीटर होते, आणि मिनिटाला ५ लिटर हवा सोडल्यास वेग सेकंदाला सुमारे ६.६ सेंटिमीटर येतो. धारकाच्या दोन्ही बाजूंना पाण्याची यू आकाराची नळी जोडावी. पाण्याच्या पातळीतील १ मिलिमीटरचा फरक म्हणजे ९.८ पास्कल. नळी तिरपी ठेवून दहापट लांबीवर वाचता येईल असे केले, तर साध्या फूटपट्टीवरही पास्कलभराचा फरक दिसतो. अमेरिकेतील एन९५ च्या नियमांत मिनिटाला ८५ लिटर प्रवाहाला उच्छ्वासाचा रोध २४५ पास्कलपर्यंत चालतो. परंतु धाप लागलेल्या रुग्णाला ही मर्यादा लावू नये. प्रत्यक्ष नमुन्याच्या प्रवाहाला ५० ते ६० पास्कलच्या आत राहावे, असे उद्दिष्ट मी सुचवेन.

कार्यक्षमतेसाठी औषधाच्या दुकानात मिळणारा नेब्युलायझर आणि ०.९ टक्के सलाइन पुरते. नेब्युलायझरमधून ३ ते ५ मायक्रोमीटरचे थेंब निघतात. पाणी उडाल्यावर मिठाचा कण मूळ थेंबाच्या सुमारे एक षष्ठांश व्यासाचा उरतो, म्हणजे ४ मायक्रोमीटरच्या थेंबापासून ०.६ ते ०.७ मायक्रोमीटरचा कण मिळतो. आणखी बारीक कण हवे असल्यास सलाइन ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करावे. मात्र मिठाचा थेंब पूर्ण सुकण्यासाठी हवेची आर्द्रता ४० टक्क्यांखाली असावी लागते. मे महिन्यात ही अट आपोआप पूर्ण होते. पावसाळ्यात एरोसोलची हवा सिलिका जेलच्या नळीतून नेली नाही, तर कण ओलेच मोजले जातात आणि पटल आहे त्याहून चांगले भासते. ०.३ मायक्रोमीटरपासून मोजणारा कणमापक आधी पटलापूर्वी, मग पटलानंतर आणि पुन्हा पटलापूर्वी लावावा, म्हणजे नेब्युलायझरचा उत्पन्नदर मध्येच बदलला असल्यास कळतो. निसटलेल्या अंशाच्या नैसर्गिक लॉगरिथमचे चिन्ह बदलून त्याला दाबातील घटीने भागले की गुणवत्ता गुणांक मिळतो: ५ टक्के कण निसटत असतील आणि घट ६० पास्कल असेल, तर तो प्रति पास्कल ०.०५ येतो. दोन पटलांची तुलना याच आकड्यावर करावी, कारण नुसता थर वाढवूनही कार्यक्षमता वाढते, पण त्याबरोबर दाबही वाढतो.

ताज्या पटलात इलेक्ट्रोस्पिनिंगचा विद्युतभार अडकलेला असतो, आणि तो कण ओढून आकडा फुगवतो. उच्छ्वासाच्या ओलाव्याने हा भार ओसरतो. म्हणून काही चकत्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या बाष्पात ठेवून, सुकवून पुन्हा तपासाव्यात, आणि अहवालात दुसराच आकडा द्यावा.

नमुना घेणे आणि सोडवणे

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे पटल दवापासून वाचवायचे असेल तर धारक ४० ते ४५ अंशांवर ठेवावा. ३४ अंशांना संपृक्त असलेली हवा ४० अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता ७२ टक्क्यांवर येते आणि ४५ अंशांवर सुमारे ५५ टक्क्यांवर. पंप उपलब्ध असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे उच्छ्वासात कोरडी, गाळलेली हवा मिसळून मिनिटाला १५ लिटर या दराने मिश्रण पटलातून खेचणे. मग दाबाचा भार माणसावर न येता पंपावर येतो, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांकडून नमुना घेताना हीच पद्धत वापरावी. मुखाकडील बाजूस विरळ स्पनबाँड कापडाचा एक थर ठेवावा, जेणेकरून सुटलेला तंतू श्वासात जाणार नाही आणि लाळेचे मोठे थेंब वरच्या वर थांबतील. लाळ तरीही आली का, हे अमायलेझच्या (लाळेतील विकराच्या) चाचणीने पाहता येते.

४७ मिलिमीटरच्या चकतीवरील उघड्या भागात जेमतेम सव्वा मिलिग्रॅम बहुवारिक असते. ते एक मिलिलिटर कोमट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवल्यास द्रावण ०.१३ टक्क्यांचे होते आणि पिपेटने सहज उचलता येते. बफर निवडताना बोरेट असलेले बफर कटाक्षाने टाळावे. बोरेट आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल एकत्र आले की चिकट जेल बनते आणि नमुना त्यात अडकतो. सल्फेटचे प्रमाण जास्त असेल तर बहुवारिक साका होऊन बाहेर पडते. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे पटल विरघळवता येत नसल्याने ते पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये बुडवून जोरात हलवावे, आणि खोल थरांतील कण हाती लागत नाहीत हे गृहीत धरावे.

किती हाती लागले, हे मोजल्याशिवाय एकाही माणसाचा नमुना घेऊ नये. एमएस२ हा जिवाणूभक्षी विषाणू ई. कोलायसारख्या जिवाणूंनाच बाधतो. त्याची ज्ञात मात्रा पटलावर सोडून, सुकवून, परत काढून मोजावी. शिवाय प्रत्येक तुकडीतील एक पटल नमुन्याच्या ठिकाणी नेऊन, उघडून, कोणीही त्यात श्वास न सोडता परत आणून इतर पटलांबरोबरच तपासावे. नमुना घेण्याच्या टप्प्यावरची सुधारणा किती उपयोगी ठरू शकते, हे याच शहरातील नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये कोविडसाठी सलाइनच्या गुळण्यांवर आधारित आरटी-पीसीआर पद्धत आणून दाखवले आहे. त्या पद्धतीतही नमुना कोणत्या द्रवातून पुढे जाणार हाच मध्यवर्ती निर्णय होता.

माणसांवर काम करण्याआधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता घ्यावी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तिथे लागू होतात. क्षयाच्या संशयित रुग्णांचे नमुने महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत उघडू नयेत, ते योग्य जैवसुरक्षा असलेल्या केंद्रातच हाताळावेत. वापरलेली पटले जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात. न वापरलेली पटले फॉइलच्या हवाबंद पाकिटात सिलिका जेलसह ठेवावीत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघडलेले पाकीट पुन्हा बंद करून दुसऱ्या दिवशी वापरू नये.